विचारून आत येणारा

क्वीन्सटाउन, सिंगापूर
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

अहो,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण माझ्या गुडघ्यांची हकीकत तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा उभ्यानंच नमस्कार. इथे आम्ही तिघी, म्हणजे मी, सूनबाई आणि आपली नात, खुशाल आहोत. बीपीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची आहे, नाश्त्याऐवजी नाही. कुंड्यांना पाणी घालतो असं तुम्ही फोनवर सांगता, पण परवा व्हिडिओत तुमच्यामागे मला तुळस दिसली होती, त्यामुळे त्यावर मी काही बोलत नाही.

पाकीट बघून तुम्ही म्हणाल, हिला झालंय काय, रोज तर फोन करते. मिरजेच्या पोस्टात खिडकीमागे माझी सगळी नोकरी गेली. जगाची पत्रं तोलली, तिकिटं लावली, शिक्के मारले, आणि तुम्हाला लिहिलेलं हे पहिलंच धड पत्र. लग्न ठरल्यावर एक लिहिलं होतं, पण ते मावशीनं समोर बसून सांगितलेलं, ते मी धरत नाही. आज लिहायचं कारण असं, की फोनवर मी मूळ विषयाजवळ आले की तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि ठेवून देता. पत्राचं तसं नसतं. तुम्ही ते टेबलावर टाकून बाहेर गेलात तरी परत आल्यावर ते तिथेच असतं.

तर पहिली बातमी. मी इटालियन शिकतेय. हसून घ्या.

सकाळी मैत्रेयी ऑफिसला आणि किमया शाळेत गेली की मी खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, एक कॉफी घेऊन बसते, कानात किमयाची ती बटणं घालते आणि फोन सांगेल तसं पुटपुटते. शेजारच्या टेबलावरच्या चिनी आजींना वाटतं मी जप करते. त्या उठून जाताना मला मान लववून जातात, मीही लववते. त्यांचा गैरसमज दूर करायला माझं इंग्रजी पुरत नाही. सगळी भाषा काही मी शिकत नाही. मला काही तिकडे जाऊन भाजीचा भाव करायचा नाही. मी फक्त परवानगी मागायची आणि द्यायची वाक्यं शिकतेय. "पोस्सो?" म्हणजे करू का. "ले दिस्प्याचे से" म्हणजे आपली हरकत नसेल तर. आणि "पेरमेस्सो?" म्हणजे आत येऊ का. याचं उत्तर "अवान्ती". या, आत या.

संध्याकाळी किमया परीक्षा घेते. फ्लॅटच्या बाहेर जाऊन दारावर टकटक करते आणि मी "अवान्ती" म्हणेपर्यंत आत येत नाही. परवा म्हणाली, "आजी, यू मस्ट से लाउडर लाह, आफ्टर ही कान्ट हिअर, हाउ?" तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हे असं, इथल्या इंग्रजीत येतं. तिचा बाप, आपला क्षितिज, आठव्या वर्षी असाच माझ्या चुका काढायचा.

मागच्या मंगळवारी तुम्ही विचारलंत, "तो इटालियन अजून येतो का घरी?" आणि मी तुम्हाला इथला कोथिंबिरीचा भाव सांगितला. आज कोथिंबीर बाजूला ठेवते. येतो. दर रविवारी येतो. आजही येऊन गेला, त्याच्या चहाचा कप अजून माझ्यासमोर आहे.

त्याचं नाव मात्तेओ. जहाजं बंदराला लागली की त्यांची तपासणी करायचं काम करतो, मैत्रेयीच्याच कंपनीत. जेनोवा नावाच्या बंदराच्या गावचा. वय चाळिशीच्या आसपास, पुढून केस विरळ, बोटांना कायम कसलं तरी काळं ग्रीस लागलेलं. तुम्ही एसटीच्या वर्कशॉपमधून यायचात तेव्हा तुमच्या बोटांना असायचं तसंच. तुम्हाला "गोरा" म्हणून जे कोणी डोळ्यांसमोर येत असेल, तसा तो नाही.

गेल्या खेपेला मी इथे होते तेव्हा तो पहिल्यांदा आला. इथल्या फ्लॅटना लोखंडी जाळीचं दार आणि आत लाकडी दार, दोन्ही सताड उघडी होती, कारण मी फोडणीचा धूर बाहेर घालवत होते. बघते तर एक उंच माणूस बूट काढून, हातात ते घेऊन, उंबऱ्याच्या पलीकडे उभा. म्हणाला, "पेरमेस्सो?" मला वाटलं वर्गणी मागायला आलाय. मी म्हटलं, "वेट, वेट," आणि आत जाऊन पाकीट शोधायला लागले. दहाची नोट घेऊन आले तर तो तिथेच, तसाच उभा. एक पाऊल आत नाही. मी नोट पुढे केली तर बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर काय भाव आले ते लिहून सांगता येणार नाही. तेवढ्यात मैत्रेयी अंघोळीहून आली आणि हसत खालीच बसली. ती हसली, अहो. क्षितिज गेल्यानंतर मी तिला इतकं हसताना तोवर बघितलं नव्हतं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला ते आवडलं नाही.

पहिले दोन-तीन महिने मला तो माणूस नाटकी वाटायचा. आत आला की विचारणार, बसू का. पाणी घेऊ का. खिडकी उघडू का. किमयाला चॉकलेट देऊ का, तेही तिच्या देखत नाही, मला बाजूला घेऊन. आपल्याकडे कसं आहे, जो विचारतो तो परका. घरचा माणूस विचारत नाही, सरळ डबा उघडतो. क्षितिज बोटीवरून उतरून घरी आला की आधी फ्रिज उघडायचा आणि मग आईकडे बघायचा. म्हणून एकदा मी मात्तेओला माझ्या इंग्रजीत ठणकावून सांगितलं, "दिस हाऊस, नो आस्किंग." त्यानं मैत्रेयीला काहीतरी सांगितलं आणि तिनं मला मराठीत सांगितलं, "आई, तो म्हणतोय, त्याच्या आईनं शिकवलंय की दार उघडं असणं वेगळं आणि आत बोलावलेलं असणं वेगळं."

मला भाकरी थापताना दोनदा ते आठवलं.

मग मैत्रेयीनं मला आणखी एक सांगितलं. त्यांच्या भाषेतही आपल्यासारखं अरे-तुरे आणि अहो-जाहो वेगळं असतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच, कुत्र्यालाही तेच आणि सासूलाही तेच, म्हणून त्याला माझ्याशी इंग्रजी बोलताना ओशाळं वाटतं. म्हणून तो मला उद्देशून आधी एक वाक्य इटालियनमध्ये म्हणायचा आणि मग तेच इंग्रजीत. मला वाटायचं सवयीनं पुटपुटतो. तो मला अहो म्हणत होता. मला कळणार नाही हे माहीत असून म्हणत होता. त्या दिवशी मी किमयाला म्हटलं, तुझ्या फोनमध्ये ते भाषा शिकायचं असतं ना, ते मला लावून दे.

आता पेटीचं सांगते. हे नीट वाचा.

क्षितिज पहिल्यांदा बोटीवर निघाला तेव्हा तुम्ही त्याला पान्यांची पेटी दिली होती. झाकणावर लाल रंगानं तुम्हीच "क्षि. प्र." लिहिलंत, आणि "क्षि" नीट जमला नाही म्हणून टर्पेंटाइननं पुसून पुन्हा लिहिलात. ती इथे स्वयंपाकघरात सिंकखाली आहे. तो गेला, कोलंबोहून इकडे येताना बोटीवर झोपेतच त्याचं हृदय थांबलं, आणि सामान घरी आलं तेव्हा मैत्रेयीनं ती तिथे ठेवली, तेव्हापासून तिला कोणी हात लावलेला नाही. कुलूप नाही, नुसती कडी आहे.

या गणपतीच्या आधी सिंकचा नळ गळायला लागला. मात्तेओ वाकून बघत होता, आणि त्याच्या हाताशीच पेटी. कोणीही काय केलं असतं? कडी काढली असती, पाना घेतला असता, नळ आवळला असता. मीही काही म्हटलं नसतं. त्यानं पेटीकडे बघितलं, वरची अक्षरं बघितली, उठला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "पोस्सो?"

अहो, किती दिवसांत मला कोणी असं विचारलंच नव्हतं. क्षितिजला अग्नी इथेच द्यायचा की मिरजेला न्यायचं, मला कोणी विचारलं नाही. अस्थी कुठे सोडायच्या, विचारलं नाही. बाराव्याला आलेल्यांतल्या एकानं त्याचं घड्याळ उचललं, एकानं चांगले बूट, आठवण म्हणून. माझ्या समोरून नेलं, आणि मी चहा देत होते. तुम्हीही विचारलं नाहीत. मी दोष देत नाही, तुम्ही त्या दिवसांत भिंतीकडे तोंड करून बसला होतात. पण त्या घरात काहीतरी माझं होतं आणि ते घेण्याआधी मला विचारायला हवं, हे पहिल्यांदा सुचलं ते या परक्या माणसाला.

मला हो म्हणता आलं नाही आणि नाहीही. मग अक्षरांवर बोट न लावता, नुसतं दाखवून त्यानं विचारलं, हे कोणी लिहिलं. मी म्हटलं, "फादर." त्यानं मान हलवली आणि म्हणाला, म्हणजे शेजारी उभ्या मैत्रेयीनं मला मराठीत सांगितलं, "मग हे त्यांना विचारायला हवं."

पेटी त्यानं पुन्हा आत सरकवली. संध्याकाळी घरी जाऊन स्वतःचा पाना घेऊन आला, येताना पुन्हा दाराशी थांबला, मी हाक मारल्यावर आत आला आणि नळ दुरुस्त केला. नळ अजून टिकून आहे. वायसर बदललाय, बाहेरून नुसता आवळलेला नाही, हे तुमच्यासाठी मुद्दाम बघून ठेवलं.

तुम्हाला आता कळलंच असेल मी कुठे चालले आहे. पण अजून थोडं मैत्रेयीविषयी लिहिते, कारण त्याचं कौतुक करताना तिचं राहून जाऊ नये. आपला मुलगा गेल्यावर ती आपल्याला सोडून गेली असती तर जगानं तिला शहाणी म्हटलं असतं. ती तशी गेली नाही. तिनं माझं तिकीट दरवेळी स्वतः काढलं. माझ्या इथे राहायच्या पासची मुदत वाढवायला माझ्याबरोबर ऑफिसात बसली. तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनला सुटी घेऊन आली आणि तुम्ही हिरवी पट्टी लावून झोपला होतात तेव्हा रात्रभर खुर्चीत बसून लॅपटॉपवर काम केलं. तुम्ही तिच्याशी दिवाळीत बोलला नाहीत. तिनं फोन केला आणि तुम्ही म्हणालात, "आशाला देतो," मी इथे तिच्या शेजारी बसलेली असताना. ती "बरं बाबा" म्हणाली आणि चकल्या डब्यात भरायला लागली. एक शब्द तुमच्याविरुद्ध काढला नाही. मी काढले, दोन-तीन.

गेल्या रविवारी मात्तेओ इस्त्रीचा शर्ट घालून आला. किमयाला मैत्रेयीनं खाली खेळायला पाठवलं. चहा झाला. मग तो उठून उभा राहिला, हात मागे बांधले, आणि पाठ केलेलं वाक्य म्हणायला लागला. "ले दिस्प्याचे से..." आणि पुढे अडकला. घाम आला त्याला. बोटीच्या कप्तानांना कागदावर सही देत नाही असं तोंडावर सांगणारा माणूस, माझ्यासमोर शब्द शोधत होता. मी सगळे शब्द ओळखले नाहीत, पण पुढचं काय आहे ते कळायला शब्द लागत नव्हते. मैत्रेयी खिडकीशी पाठ करून उभी होती. तिच्या खांद्यांकडे बघून मला कळलं की ती श्वास धरून आहे.

तो मला, क्षितिजच्या आईला विचारत होता, मैत्रेयीशी लग्न करायला माझी हरकत आहे का. तिच्या आईवडिलांनी औरंगाबादहून कधीच होकार कळवलाय, त्यांच्याकडे तो उन्हाळ्यात जाऊन आला. मला विचारायची कायद्यानं, रीतीनं, कशानंच गरज नव्हती. मी त्याची कोण लागते?

मी हो म्हटलं. तुम्हाला न विचारता म्हटलं. मला जेवढी इटालियन येते त्यातलं सगळ्यात मोठ्यानं "अवान्ती" म्हणाले. मैत्रेयी येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, आणि मात्तेओला काय करावं कळेना म्हणून त्यानं चहाचे कप विसळले. तेसुद्धा विचारूनच.

पण पूर्ण ऐका. नंतर मैत्रेयी डोळे पुसून म्हणाली, "आई, तुमचं हो म्हणजे अर्धं. बाबा नाही म्हणाले तर मी लग्न करणार नाही. आणि नाही म्हणाल्याबद्दल त्यांना आयुष्यात कधी बोलूनही दाखवणार नाही." मी म्हटलं, अगं वेडी आहेस का, तुझं आयुष्य आहे. म्हणाली, "क्षितिजनं मला त्या घरात आणलं. त्या घराला दुखवून मी दुसरं घर मांडणार नाही." तुम्हाला तिचा स्वभाव ठाऊक आहे. ती जे म्हणते तेच करते. तुम्ही नाही म्हणालात तर ती उद्यापासून पूर्वीसारखी ऑफिसला जाईल, किमयाचा अभ्यास घेईल, तुमच्या गोळ्या पाठवील. आणि सदतिसाव्या वर्षी तिचं सगळं आपण दोघं म्हातारे मिळून संपवलेलं असेल. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

मला ठाऊक आहे तुम्हाला काय खुपतं. तिनं दुसरं लग्न केलं की क्षितिज पुन्हा एकदा जाईल, असं तुम्हाला वाटतं. मलाही वाटायचं. पण खरं सांगू, या वर्षात या घरात क्षितिजचं नाव जेवढं निघालं, तेवढं आधीच्या दोन वर्षांत निघालं नव्हतं. आपण सगळे जपून जपून बोलत होतो. हा माणूस विचारतो. तो कुठल्या खुर्चीवर बसायचा? मी तिथे बसलो तर चालेल का? त्याला कुठलं जेवण आवडायचं? किमयाला त्यानं विचारलं, तुझ्या बाबांच्या बोटीची गोष्ट मला सांगशील का, आणि पोरगी तासभर सांगत बसली, त्यातलं निम्मं तिनं बनवलेलं. त्या खुर्चीवर, खिडकीजवळच्या, तो आजही बसत नाही. मी बस म्हटलं होतं. म्हणाला, नको, ती किमयाला ठेवू या.

आता शेवटचं, जे फोनवर टाळत आले. माझा पास महिनाअखेर संपतोय, म्हणून मी येतेय, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. मी एकटी येत नाही. किमयाच्या शाळेला सुटी लागते, त्यामुळे ती आणि मैत्रेयी येताहेत, आणि मात्तेओही. पुण्यापर्यंत विमान, पुढे गाडी. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी चारच्या सुमारास आपल्या फाटकाशी असू. सामानात तुमची पेटी आहे. वजन भरपूर होतंय, त्यासाठी मात्तेओनं आपले कपडे कमी केले. ती तो उघडणार नाही. तुम्ही उघडायची आहे, किंवा उघडू नका, तुमची मर्जी. त्याला फक्त समोर बसून विचारायचं आहे. त्यानं मराठीत एक वाक्य पाठ केलंय, किमयानं शिकवलंय, म्हणजे उच्चाराला तुम्ही हसाल. हसलात तरी चालेल.

तुम्ही काहीच बोलला नाहीत तर काय करायचं तेही ठरलंय. तो पेटी उंबऱ्याच्या आत ठेवील, तुम्हाला नमस्कार करील आणि हॉटेलात जाईल. रागावणार नाही. मी तर आत येणारच, घर माझंही आहे आणि मला चहा लागेल. किमया तुमच्या गळ्यात पडेल, तिला कोण अडवणार.

पण मैत्रेयी या वेळी माझ्यामागून आत येणार नाही. माप ओलांडून आली त्या दिवसापासून तिला त्या घरात पाय टाकायला कधी विचारावं लागलं नाही. त्या शनिवारी ती त्याच्या शेजारी बाहेर थांबणार आहे. ते तिनंच ठरवलं. मी खूप सांगून बघितलं.

दुपारचं दार तुम्ही लावत नाही, त्यामुळे ते उघडंच असेल. तरी दोघं पायऱ्यांवर उभी राहतील. तो "पेरमेस्सो?" म्हणेल. तुम्हाला इटालियन शिकायला नको. दोघांना मिळून एकच "या" पुरतं.

तुमच्या दाराशी उभी,
तुमचीच
आशालता